इझाबेलाच्या गावात

ब्रेमेनला येणारा पर्यटक गाढव, कुत्रा, मांजर आणि कोंबडा एकमेकांच्या पाठीवर चढलेल्या पुतळ्यापाशी फोटो काढतो, बाजारचौकातल्या रोलांडच्या उंच दगडी मूर्तीकडे मान वर करून बघतो आणि संध्याकाळच्या गाडीने हॅम्बुर्गला निघून जातो. मी आलो होतो तो सेबाल्ड्सब्रुकसाठी. स्टेशनसमोरून १० नंबरची ट्राम धरायची आणि शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहायचं. माझा पुतण्या इथे नोकरीला आहे. तो म्हणाला, "काका, तिथे मर्सिडीजच्या कारखान्याच्या भिंतीशिवाय काही दिसणार नाही तुम्हाला." मला ती भिंतच बघायची होती. १९६१ पर्यंत त्या जागेवर बोर्गवार्ड मोटारी बनत होत्या.

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात उमेदीची सगळी वर्षं गेल्यामुळे कारखाना बंद पडणं म्हणजे काय, हे मी जवळून पाहिलं आहे. फाटकाला कुलूप लागतं, युनियनचा फलक उन्हापावसात फाटत जातो, एक दिवस तिथे मोठ्या इमारतींचं बांधकाम सुरू होतं आणि काही वर्षांनी आधी इथे काय बनत होतं, हे नाक्यावरच्या रिक्षावाल्यालाही सांगता येत नाही. ब्रेमेनमध्ये साठ वर्षं उलटून गेल्यावरही तसं झालेलं नाही, लोक अजून त्या गाड्या चालवतात आणि त्या दिवसांबद्दल भांडतात, असं मी ऐकून होतो. ते कसं घडलं, हे समजून घ्यावं एवढ्याच ओढीने मी तिथवर गेलो.

कार्ल फ्रीडरिश विल्हेल्म बोर्गवार्ड यांचा जन्म १८९० मध्ये हॅम्बुर्गला लागून असलेल्या आल्टोना गावात, एका कोळसा व्यापाऱ्याच्या घरी झाला. लोहारकाम, फिटरकाम शिकत ते वर आले. पहिल्या महायुद्धानंतर ब्रेमेनमध्ये एका छोट्या कारखान्यात भागीदार म्हणून शिरले आणि हान्सा-लॉइड या तिथल्या मोठ्या मोटार कंपनीला रेडिएटर पुरवू लागले. १९२४ मध्ये त्यांनी 'ब्लिट्सकारेन' नावाची तीनचाकी मालगाडी काढली. तिची ताकद जेमतेम दोन अश्वशक्तीची होती. पण पाववाल्यांना, भाजीवाल्यांना आणि छोट्या कारागिरांना घोडा पोसण्यापेक्षा ती परवडू लागली. पुढच्या काही वर्षांत विल्हेल्म टेक्लेनबोर्ग या भागीदाराबरोबर त्यांनी ती हान्सा-लॉइड कंपनीच विकत घेतली. ज्या दारात माल पोचवायला जात होते, त्या घराचे ते मालक झाले. १९३८ मध्ये सेबाल्ड्सब्रुकचा नवा कारखाना उभा राहिला.

त्यापुढची वर्षं अभिमानाने सांगण्यासारखी नाहीत. युद्धकाळात इथे लष्करासाठी अर्धसाखळी गाड्या आणि टॉर्पेडो बनले, आणि व्यापलेल्या देशांतून धरून आणलेल्या माणसांना इथे सक्तीने राबवलं गेलं. बोर्गवार्ड स्वतः नाझी पक्षाचे सदस्य होते. जुन्या गाड्यांच्या प्रेमात पडलेली माणसं हा भाग पटकन ओलांडून पुढे जातात. तो ओलांडू नये, असं मला वाटतं. ज्या शेडमधून पुढे बोर्गवार्डची इझाबेला ही मोटार बाहेर पडली, तिथे आधी ही माणसं राबलेली आहेत. ऑक्टोबर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात कारखान्याचा बहुतेक भाग जमीनदोस्त झाला आणि युद्ध संपल्यावर अमेरिकनांनी बोर्गवार्ड यांना काही महिने स्थानबद्ध केलं. तिथे हाती पडलेल्या अमेरिकन मासिकांत त्यांनी नव्या वळणाच्या, बाजू सपाट असलेल्या मोटारी पाहिल्या, असं सांगतात. १९४९ च्या जिनिव्हा प्रदर्शनात त्यांनी हान्सा १५०० मांडली. मडगार्ड वेगळे न काढता सगळं अंग एकसंध ठेवलेली ती युद्धोत्तर जर्मनीतली पहिली नवी मोटार होती. बाकीचे कारखाने अजून युद्धापूर्वीचे साचे काढून तीच मॉडेलं बनवत होते.

ट्राममधून उतरलो तेव्हा पाळी बदलण्याची वेळ होती. फाटकातून माणसं बाहेर पडत होती, सायकलींची कुलपं उघडत होती. भिंत पुतण्याने सांगितली होती तशीच होती, लांबच लांब आणि सपाट. तिथून चालताना एक गोष्ट मात्र मी सोबत आलेल्या पुतण्याला सांगितली आणि तो थांबलाच. बोर्गवार्ड बुडाल्यावर हा कारखाना हानोमागकडे गेला आणि तिथून डाइमलर-बेंझकडे. १९७७ पासून इथे मर्सिडीजची एक व्हॅन बनू लागली. जर्मनीत तिला अजूनही 'ब्रेमर ट्रान्सपोर्टर' म्हणतात. पुढे बजाज टेम्पोने त्याच व्हॅनच्या आधारावर आपल्याकडे ट्रॅव्हलर काढली. लग्नाचं वऱ्हाड, अष्टविनायकाची यात्रा, महाबळेश्वरची सहल, या सगळ्याला आपण जी ट्रॅव्हलर ठरवतो, तिचं मूळ या भिंतीमागचं आहे. नात्याचा दुसरा धागाही आहे. बजाज टेम्पोची तीनचाकी हान्सेआट ज्यांची, ते हॅम्बुर्गचे टेम्पोवाले आणि ब्रेमेनचे बोर्गवार्ड हे तीनचाकी मालगाड्यांच्या धंद्यातले जुने स्पर्धक. आकुर्डीत काम केलेल्या माणसाला ब्रेमेन परकं वाटायचं कारण नाही.

रविवारी सकाळी आम्ही शुप्पेन आइन्सला गेलो. वेझर नदीच्या काठी युरोपाहाफेन या जुन्या गोदीत मालाची एक प्रचंड लांब शेड आहे. जहाजांतला माल उतरवायचं तिचं काम संपल्यावर ती पाडली नाही. आत जुन्या मोटारींसाठी काचेच्या भिंतींची गॅरेजं केली, दुरुस्तीवाले बसवले, खाण्यापिण्याची सोय केली. मधल्या रस्त्यावरून तुम्ही रमतगमत चालता आणि दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असतात. पोर्शे होत्या, अमेरिकन गाड्याही होत्या. पण गर्दी होती ती बाहेर, धक्क्यालगत उभ्या केलेल्या बोर्गवार्डच्या कुटुंबाभोवती. पुढच्या जाळीवर मधोमध तो शंकरपाळ्याच्या आकाराचा मोठा बिल्ला बघितला की ओळख पटते.

'कुटुंब' म्हणायला कारण आहे. युद्धानंतर पोलादाचा कोटा कंपनीगणिक मिळत होता, म्हणून बोर्गवार्डनी तीन कंपन्या ठेवल्या: बोर्गवार्ड, गोलियाथ आणि लॉइड. कोटा तिप्पट मिळाला. पण टंचाई संपल्यावरही तिन्ही घरं वेगळीच राहिली. प्रत्येकाची वेगळी खरेदी, वेगळी रचना, वेगळे विक्रेते, आणि सगळ्यांवर एकच मालक, ज्याला दर थोड्या दिवसांनी नवी गाडी सुचत होती. काहीही नवं करून बघायला ते घाबरत नसत. गोलियाथच्या छोट्या मोटारीत पेट्रोलचं इंजेक्शन मर्सिडीजच्या ३०० एसएलच्या आधी आलं. हेन्रिश फोके यांच्याकडून त्यांनी 'कोलिब्री' नावाचं हेलिकॉप्टरही करून घेतलं. ते १९५८ मध्ये उडालं. त्यांच्या दीड लिटरच्या सोळा झडपांच्या शर्यतीच्या इंजिनावर १९५९ मध्ये स्टर्लिंग मॉसने फॉर्म्युला टूच्या शर्यती जिंकल्या. मातीचे नमुने ते स्वतः हाताने घडवत. रेषा मनासारखी येईपर्यंत माती खरवडत राहणारा मालक आपल्या वाट्याला आला असता तर आपणही जीव तोडून काम केलं असतं, असं मला तिथे उभं राहून सारखं वाटत होतं.

पहिल्यांदा माझं लक्ष गेलं ते रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या छोट्या लॉइडकडे. एलपी ३००, १९५० सालचं मॉडेल. दोनशे त्र्याण्णव सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, दहा अश्वशक्ती, चार माणसांची जागा, आणि अंगावर पोलाद नाही. लाकडी सांगाड्यावर प्लायवूड ठोकून त्यावर रेक्झिनसारखं कापड ताणून बसवलेलं. मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या होत्या. त्यांनी परवानगी दिली तसा मी वाकून दाराची कड चाचपली. कापड आत दुमडून बारीक खिळ्यांच्या रांगेने पक्कं केलं होतं आणि खिळे झाकायला वरून पट्टी बसवली होती. बोटाने दाबलं तर छप्पर किंचित आत जाई आणि परत वर येई. जुन्या सोफ्याचं काम करणाऱ्या कारागिराकडून त्यांनी ते सगळं नव्याने करून घेतलं होतं, आणि जुना एक तुकडा घडी करून डॅशबोर्डखाली जपून ठेवला होता. त्यांच्या वडिलांची पहिली गाडी अशीच होती. त्या काळी लोक तिला 'लॉइकोप्लास्टबॉम्बर' म्हणत. लॉइकोप्लास्ट म्हणजे जखमेवर लावायची चिकटपट्टी. कापड फाटलं की तीच लावून काम भागत असे. मरणाची भीती नसेल त्याने लॉइड चालवावी, अशीही एक म्हण गावभर होती. वडील ते ऐकून हसायचे, असं बाई म्हणाल्या. ३,३३४ मार्कांत त्यांना छप्पर असलेली चार चाकं मिळाली होती. त्याआधी ते पावसात मोटारसायकलवर बायको आणि पोर घेऊन जात होते.

इझाबेला अर्थात सगळ्यांच्या मध्यभागी होती. १९५४ च्या उन्हाळ्यात ती बाजारात आली. चाचणीच्या गाड्यांवर खरं नाव नको म्हणून काय लिहायचं, असं कुणी विचारलं तेव्हा "हवं तर इझाबेला लिहा" असं बोर्गवार्ड म्हणाले आणि तेच नाव कायमचं राहिलं, ही गोष्ट तिथे मला दोघा-तिघांनी सांगितली, आणि प्रत्येकाने आपणच पहिल्यांदा सांगतोय अशा उत्साहाने. दीड लिटरचं साठ अश्वशक्तीचं इंजिन, पुढच्या वर्षी आलेल्या टीएस या प्रकारात पंचाहत्तर. एकूण २,०२,८६२ इझाबेला बनल्या. कुपे आली ती १९५७ मध्ये. तिच्या पहिल्या काही नमुन्यांपैकी एक बोर्गवार्डनी आपल्या पत्नीला, एलिझाबेथना, दिला होता. मागच्या काचेपासून उतरत जाणारी ती रेष बघून माझ्या तोंडून मराठीतच दाद गेली, आणि शेजारच्या गृहस्थांना ती न सांगता कळली.

हे गृहस्थ ऐंशीच्या आसपासचे. त्यांची इझाबेला हिरवट-करड्या रंगाची होती. त्यांनी आम्हाला बसवलं. चोक ओढला, किल्ली फिरवली. पहिल्या फेरीत इंजिनाने नुसती खाकर काढली, दुसऱ्या फेरीत पेट घेतला आणि मग असं एकसुरी चालू झालं की टपावर ठेवलेला कॉफीचा कागदी पेला हलला नाही. गिअरची दांडी स्टिअरिंगखाली. ती खाली ओढताना त्यांचा हात दांडीकडे बघतसुद्धा नव्हता. गोदीच्या दगडी फरसबंदीवर आम्ही एक लांब चक्कर मारली. मागचं आसन आपल्या अँबॅसडरइतकं ऐसपैस नाही, पण खड्ड्यावरून जाताना गाडी दचकत नाही, दबते आणि सावरते. मी नुसता पुढे बसून होतो, तरी गाडी जमिनीला धरून आहे हे पाठीला कळत होतं.

ते कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागले होते तेव्हा वय पंधराचं होतं. वडील तिथेच होते, काका लॉइडच्या कारखान्यात. १९६१ च्या फेब्रुवारीत घरात रेडिओ दिवसभर चालू असायचा, एवढं त्यांना लख्ख आठवतं. पुतण्या भाषांतर करत होता, पण माणसाचा आवाज कुठे जड झाला हे कळायला भाषांतर लागत नाही.

काय झालं होतं, ते थोडक्यात सांगतो. १९५९ मध्ये आलेल्या लॉइड अराबेलात पावसाचं पाणी शिरत होतं. लोकांनी तिला 'अक्वाबेला' म्हणायला सुरुवात केली. त्याच सुमारास पी १०० ही सहा सिलिंडरची मोठी मोटार आली. हवेच्या स्प्रिंगवर चालणारी पहिली जर्मन मोटार, पण तिच्यावर पैसा ओतलेला. अमेरिकेत गाड्या खपेनाशा झाल्या. बोर्गवार्ड बँकांपासून आयुष्यभर लांब राहिले होते. अडचण आली तेव्हा ओळखीचा बँकवाला नव्हता, होतं ते ब्रेमेनचं राज्य सरकार. डिसेंबर १९६० मध्ये 'श्पीगेल' साप्ताहिकाने त्यांना मुखपृष्ठावर घेतलं आणि 'खटपट्या' ठरवलं. घेणेकरी बिथरले. सरकारने हमी दिलेलं कर्ज अडकलं आणि ४ फेब्रुवारी १९६१ ला, तासन्‌तास चाललेल्या बैठकीनंतर, सत्तरी गाठलेल्या बोर्गवार्डनी सगळा कारखाना राज्याच्या हाती देणाऱ्या कागदावर सही केली. राज्याने योहानेस झेम्लर यांना प्रमुख नेमलं. हे गृहस्थ त्याच वेळी बीएमडब्ल्यूच्या देखरेख मंडळावरही होते. उन्हाळा संपेपर्यंत दिवाळखोरी जाहीर झाली. त्या वर्षी जर्मनीत कामगारांचा तुटवडा होता, त्यामुळे बाहेरगावच्या कंपन्यांची माणसं ब्रेमेनमध्ये भरतीला येऊन बसली. सुमारे वीस हजार लोकांपैकी बहुतेकांना काम मिळालं. इझाबेलावाल्या गृहस्थांच्या वडिलांनाही मिळालं, पण दुसऱ्या गावी. ते शनिवारी घरी यायचे. आणि बोर्गवार्ड १९६३ च्या २८ जुलैला गेले.

गोदीवर यावरून जी बोलणी झाली, ती ऐकण्यासारखी होती. काही म्हणाले, सरकार घाबरलं. काही म्हणाले, बीएमडब्ल्यूला मोकळं रान हवं होतं. इझाबेलाच्याच वर्गातली त्यांची नवी गाडी १९६२ मध्ये आली आणि इथले कितीतरी इंजिनिअर तिकडे गेले. एक उंच, हडकुळा माणूस, बहुधा निवृत्त हिशेबनीस, शांतपणे म्हणाला की दोष म्हाताऱ्याचाच; तीन कंपन्या एकत्र कर म्हणून त्याला कितीदा सांगितलं, ऐकलं नाही. त्यावर जो गलका उठला, त्यात पुतण्याने भाषांतर सोडून दिलं.

कट होता असं मला वाटत नाही. झेम्लर यांची दोन्हीकडची खुर्ची तेव्हाच नाकारायला हवी होती, एवढं खरं. बोर्गवार्डनी घर आवरलं नाही, हेही खरं. पण एक गोष्ट कुणीही नाकारू शकत नाही. दिवाळखोरीचा निकाल लागला तेव्हा घेणेकऱ्यांचे पैसे जवळजवळ पूर्ण फिटले. ज्या घराची मालमत्ता विकून सगळी उधारी चुकती होते, ते घर बुडालेलं नव्हतं, त्याला फक्त त्या महिन्याला रोख पैसा कमी पडला होता. जर्मनीतल्या सगळ्यात लहान राज्याला वीस हजार माणसांचं पोट डोळ्यांसमोर दिसत होतं, भीती समजते. तरीही आणखी एक वर्ष द्यायला हवं होतं. गोदीवर कुणी हे त्वेषाने म्हणत होतं, कुणी मान खाली घालून, आणि मी त्यांच्याच बाजूचा आहे.

कंपनी गेल्यावर साचे, यंत्रं मेक्सिकोत माँटेरेला गेली. तिथे १९६७ ते १९७० दरम्यान पी १०० थोड्या संख्येने पुन्हा बनली. पुढे नातू क्रिस्टियान बोर्गवार्ड यांनी नाव पुन्हा उभं केलं, चिनी फोटोन कंपनीचा पैसा आला, २०१५ मध्ये फ्रँकफर्टला नवी गाडी झळकली, ब्रेमेनला कारखाना येणार अशी बोलणी झाली, आणि २०२२ मध्ये तेही दिवाळखोरीत गेलं. या नव्या गाड्यांबद्दल गोदीवर कुणी चांगलं-वाईट काहीच बोललं नाही.

मग हे सगळं टिकलं कशामुळे? मला त्याचं उत्तर एका टेबलावर दिसलं. तिथे एकाने काळ्या रबराच्या पट्ट्या मांडल्या होत्या: इझाबेलाच्या पुढच्या काचेभोवती बसणारं रबर, दाराचं रबर, ब्रेकचे होज. कारखाना बंद, म्हणजे सुटे भाग बंद. म्हणून ही मंडळी वर्गणी काढतात, जुन्या नमुन्यावरून साचा करवून घेतात, शंभर-दोनशे नग पाडून घेतात आणि ज्याला लागेल त्याला देतात. टेबलामागच्या माणसाने मला त्या रबराचा आडवा छेद दाखवला. आतल्या ओठाची जाडी जरा चुकली तर काच बसते, पण पहिल्या पावसात पाणी आत येतं. तो साचा त्यांनी दोनदा बदलून घेतला होता. त्याच्याजवळ जुन्या कामगारांनी घरी नेऊन ठेवलेल्या रेखाटनांच्या प्रती होत्या, कडांना तेलाचे डाग असलेल्या. मोठमोठ्या संग्रहालयांत गाड्या चकचकीत उभ्या असतात. इथे त्या रस्त्यावर चालतात, कारण काचेचं रबर मिळतं. आपल्याकडच्या जुन्या मोटारींच्या हौशी लोकांनी यांच्याकडून हेच घ्यावं. गाडी जपणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, कारखान्यातली रेखाटनं आणि कामगारांची माहिती जपणारे फार थोडे.

ब्रेमेनमध्ये आता शिकायला आणि नोकरीला गेलेली मराठी मुलं पुष्कळ आहेत. काही तर त्याच सेबाल्ड्सब्रुकच्या भिंतीआड काम करतात. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की एखाद्या रविवारी सकाळी शुप्पेन आइन्सला जा आणि जुन्या गाडीशेजारी घडीची खुर्ची टाकून बसलेल्या म्हाताऱ्यांना १९६१ बद्दल विचारा. ते बोलतात, मनापासून बोलतात, फोनवर ध्वनिमुद्रण करू देतात. त्या साली सगळ्यात लहान असलेला शिकाऊ मुलगाही आज ऐंशीच्या घरात आहे. तेव्हा पुढच्या वर्षावर टाकू नका, याच उन्हाळ्यात जा.